वाचकांचे प्रश्न : आवडती मालिका अर्ध्यावर बंद होते तेव्हा

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावात राहते. प्राथमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाले आहे. रात्री साडेआठला एका मराठी वाहिनीवर लागणारी मालिका मी आणि माझ्या सासूबाई न चुकता पाहत होतो. सासूबाईंना आता वाचायला दिसत नाही, बाहेर पडणेही होत नाही, त्यामुळे त्या अर्ध्या तासाची त्या दुपारपासून वाट पाहत. दिवाळीनंतर मालिकेची वेळ अचानक संध्याकाळी सहाची झाली. आमच्याकडे ती धारा काढण्याची आणि स्वयंपाकाची वेळ, तरी आम्ही जमवून घेतले. पुढे एके दिवशी नव्या मालिकेची जाहिरात दिसू लागली आणि आठवड्याभरात आमची मालिका संपलीसुद्धा. कित्येक महिने रेंगाळलेला जमिनीचा खटला एका भागात निकाली निघाला, परागंदा झालेला भाऊ त्याच भागात दारात उभा राहिला आणि धाकट्या जावेचे काय झाले ते सांगितलेच नाही. सासूबाई अजून मला विचारतात की त्या पोरीचे पुढे काय झाले. मी वाहिनीला पत्र लिहिले, उत्तर आले नाही. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत ही मालिका लागत होती, मग ती चालत नव्हती असे कोणी ठरवले? आम्ही मोजले जातो की नाही? आणि आमच्यासारख्यांनी करायचे तरी काय?
(एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : भगिनी, आपल्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचे उत्तर आधी देतो, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे त्यातच अडकलेली आहेत. ज्या आकड्यावर मराठी मालिकेचे आयुष्य ठरते, त्या आकड्यात आपले घर धरले जात नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण आपल्याला गोलमोल सांगणे योग्य होणार नाही.

आपण ज्याला टीआरपी म्हणतो तो आकडा देशात २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था काढते. प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांनी मिळून ती उभी केली आहे. प्रेक्षकांचा प्रतिनिधी तिच्या मालकांत नाही. निवडक घरांतील टीव्हीला ही संस्था एक मीटर जोडते. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर टिपतो आणि त्या वेळी टीव्हीसमोर घरातले कोण बसले आहे, हे घरच्यांनी आपापले बटण दाबून नोंदवायचे असते. संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि त्यानंतरच्या काळात मीटर बसवलेल्या घरांची संख्या ५५ हजारांच्या आसपास सांगितली जात होती. म्हणजे सरासरी साधारण ३,८०० घरांच्या वतीने एक घर बोलते. नमुना नीट निवडला तर एवढ्या संख्येतूनही देशाचा कल कळू शकतो, हे संख्याशास्त्रीयदृष्ट्या मान्य करायला हवे, त्यामुळे केवळ घरे थोडी आहेत म्हणून मी या पद्धतीला दोष देत नाही.

आपली अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. दर गुरुवारी येणाऱ्या आकड्यांत मराठी वाहिन्यांची क्रमवारी महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेची असते, तर कन्नड वाहिन्यांची कर्नाटकाची. भाषेला राज्याची हद्द घालूनच बाजारपेठ आखलेली आहे. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले, बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीत पोहोचले किंवा कोगनोळी ओलांडून कागलला गेले, की तिथले घर मराठी मालिकेच्या हिशेबात येते. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव या गावांतील घर येत नाही. आपल्या गल्लीत एखाद्या घरी मीटर असलाच, तरी त्या घरातले पाहणे कर्नाटकाच्या खात्यात जमा होते आणि मराठी मालिकेच्या क्रमवारीला त्याचा उपयोग होत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागातील मराठी माणसाने खानेसुमारीपासून शाळेच्या माध्यमापर्यंत अशा अनेक हद्दींचे परिणाम सोसले आहेत. करमणुकीच्या हिशेबातही तीच हद्द उभी असावी, याची जाणीव आपल्याकडच्या फार थोड्या प्रेक्षकांना आहे.

आता मालिका बंद कशी होते ते पाहू. वाहिनी मालिकेच्या भागांमधील जाहिरातीचा वेळ दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत विकते आणि त्याचा दर त्या वेळेला मिळणाऱ्या आकड्यावर अवलंबून असतो. रात्री आठ ते दहा हा सर्वांत महागडा काळ. त्या काळात समोरच्या वाहिनीची मालिका काही आठवडे सतत पुढे राहिली, तर ती जागा नव्या मालिकेला देऊन पाहावी असा विचार होतो आणि जुनी मालिका संध्याकाळी सहा-साडेसहाला किंवा दुपारी ढकलली जाते. तिथे जाहिरातीचा दर कमी मिळतो. चित्रीकरणाचा, कलाकारांचा आणि सेटचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यातच आपल्यासारख्या घरांना ती वेळ गैरसोयीची असल्याने आकडा आणखी उतरतो आणि त्या उतरलेल्या आकड्याकडे बोट दाखवून मालिका बंद केली जाते. म्हणून वेळ बदलली की ती धोक्याची पहिली खूण समजावी. दैनंदिन मालिकेचे पुढचे थोडेच भाग हाताशी तयार असतात. बंद करण्याचा निरोप आला की लेखकाला मोजक्या भागांत सगळे धागे बांधावे लागतात, कलाकारांनी पुढच्या कामांना तारखा दिलेल्या असतात आणि ज्या पात्राचा कलाकार उपलब्ध नाही त्या पात्राची कथा तशीच लोंबकळत राहते. त्या धाकट्या जावेच्या बाबतीत असेच काही झाले असण्याची शक्यता मला वाटते.

तोट्यात चाललेली मालिका बंद करण्याचा वाहिनीचा अधिकार मला मान्य आहे. अशा रीतीने बंद करण्याचा नाही. रोज ठरलेल्या वेळी घरी येऊन बसा, ही कथा तुम्हाला शेवटपर्यंत सांगू, असे आमंत्रण वाहिनीनेच दिलेले असते. त्या भरवशावर आपल्या सासूबाईंसारखी माणसे आपला दिवस बेततात. तीन-चार आठवड्यांचा अवधी देऊन कथा नीट संपवायला लागणारा जादा खर्च एखाद्या नव्या मालिकेच्या जाहिरातफलकांवर होणाऱ्या खर्चापुढे फार मोठा असेल असे मला वाटत नाही. प्रेक्षकाला शेवट मिळालाच पाहिजे, हे माझे ठाम मत आहे आणि मराठी वाहिन्यांनी ही रीत स्वतःहून घालून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

करायचे काय, याचे उत्तर थोडे व्यावहारिक आहे. पत्र लिहावे, पण मालिका संपल्यावर लिहिलेले पत्र उशिराचे ठरते. वेळ बदलल्याची घोषणा होताच लिहावे. त्यात गाव आणि तालुका यांचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण या भागात आपला प्रेक्षक आहे हे वाहिनीला आकड्यांतून कळत नाही, ते पत्रांतूनच कळेल. मालिका वर्षभर वाढवा अशी मागणी करण्याऐवजी कथा पूर्ण करा अशी मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. दुसरे असे की आपल्या केबलवर किंवा डिशवर मराठी वाहिन्या नावाने मागून घ्याव्यात. २०१९ पासून लागू झालेल्या दरपद्धतीत प्रत्येक वाहिनी सुटी निवडता येते आणि कोणत्या वाहिनीचे किती ग्राहक आहेत याचा मासिक अहवाल केबल कंपनीला प्रसारकाकडे पाठवावा लागतो. टीआरपीत आपण नसलो, तरी वर्गणीच्या या हिशेबात आपण असतो. घरात इंटरनेट असेल तर वाहिनीच्या अधिकृत ॲपवर भाग पाहण्याचाही उपयोग होतो, कारण तिथे कोणत्या गावातून किती वेळ पाहिले याची नोंद ठेवताना राज्याची हद्द आड येत नाही. कुणीतरी चोरून टाकलेल्या चित्रफितीवर तोच भाग पाहिला, तर ते पाहणे कुठल्याच खात्यात जमा होत नाही. वाहिन्यांच्या संघटनेने २०११ मध्ये नेमलेल्या तक्रार परिषदेकडे जाण्याचा सल्ला आपल्याला कुणी देईल, परंतु ती परिषद कार्यक्रमातील आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारी पाहते आणि मालिका का बंद केली हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नासाठी मात्र वेगळे पत्र लिहा. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे वेगवेगळी असतात. त्यातील पटकथाकाराला निर्मिती संस्थेच्या पत्त्यावर लिहून, त्या जावेचे पुढे काय करायचे ठरले होते, एवढेच विचारा. आपले पात्र अजून एखाद्या घरात आठवले जाते हे लेखकाला क्वचितच कळते आणि अशा पत्राला तो उत्तर देईल अशी मला आशा आहे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींनी आमची आवडती मालिका बंद होऊ नये म्हणून समाजमाध्यमांवर मोहीम चालवली. हजारो प्रतिक्रिया आल्या, पण काही झाले नाही. अमेरिकेत चाहत्यांनी मालिका परत आणल्या असे वाचतो, मग आपल्याकडे का जमत नाही?
(एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : तिकडेही जमते ते थोड्यांनाच, आणि ज्यांना जमले त्यांच्या कथा नीट पाहिल्या तर पुष्कळ शिकायला मिळते. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका दुसऱ्या वर्षानंतर बंद होणार अशी चिन्हे दिसताच चाहत्यांनी एनबीसी या वाहिनीकडे पत्रांचा ओघ लावला. १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने मालिका पुढे चालू राहील असे प्रक्षेपणातच जाहीर केले. मात्र तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी नसे, आणि १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबली. ‘जेरिको’ या मालिकेच्या चाहत्यांनी २००७ मध्ये सीबीएस वाहिनीच्या कार्यालयांवर सुमारे २० टन शेंगदाणे आणि तत्सम दाणे पाठवले, कारण शेवटच्या भागात शरण येण्याची मागणी धुडकावताना नायक ‘नट्स’ एवढेच म्हणतो आणि या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ दाणे असा आहे. वाहिनीने आणखी सात भाग केले, पाहणाऱ्यांची संख्या पुरेशी वाढली नाही आणि २००८ मध्ये मालिका कायमची संपली. आग्रहाने एक संधी मिळते. त्यानंतर पुन्हा आकडाच बोलतो.

‘ब्रुकलिन नाइन-नाइन’चे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. मे २०१८ मध्ये फॉक्स वाहिनीने ती बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसीने ती घेतली. चाहत्यांचा गदारोळ मोठा होता हे खरे, पण त्या मालिकेची निर्मिती एनबीसीच्याच समूहातील कंपनी करत होती, त्यामुळे तिला घर बदलणे सोपे गेले. मराठीत साधारणपणे मालिकेचे हक्क वाहिनीकडे असतात आणि निर्माता तिच्यासाठी काम करून देतो. एका वाहिनीने नाकारलेली मालिका त्याच नावाने, त्याच पात्रांसह दुसऱ्या वाहिनीवर गेली असे आपल्याला सहसा दिसत नाही, याचे कारण इथे आहे. आपल्या मोहिमेत दुसऱ्या वाहिनीने ही मालिका घ्यावी अशी मागणी असेल, तर ती चुकीच्या दारावरची थाप होती.

आपल्या देशातही प्रेक्षकांच्या आग्रहाची उदाहरणे आहेत. दूरदर्शनवरील ‘रामायण’ १९८८ मध्ये रामाच्या राज्याभिषेकाशी थांबणार हे कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी पुढची कथाही दाखवावी म्हणून काम बंद ठेवले. लव-कुशांच्या कथेची मालिका त्यानंतर आली. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजाची ती मागणी होती, तिच्यामागे केवळ करमणुकीची हौस नव्हती आणि म्हणूनच तिचे वजन पडले. मराठीत ‘दिल दोस्ती दुनियादारी’ फेब्रुवारी २०१६ मध्ये संपल्यावर तरुण प्रेक्षकांना मोठी चुटपुट लागली होती. वर्षभराने तेच कलाकार ‘दिल दोस्ती दोबारा’मध्ये एकत्र आले, पण पात्रे आणि कथा नवी होती आणि तो प्रयोग त्याच वर्षी संपला. जुन्या घरातल्या त्या सहा जणांची ओढ नव्या कथेवर कलम करता आली नाही, असे मला तेव्हाही वाटले होते.

आपल्या मोहिमेतील काही प्रतिक्रियांत नव्या मालिकेतील कलाकारांना शिवीगाळ केलेली आपण पाठवलेल्या कात्रणांत दिसली. ते थांबवा. जुनी मालिका बंद करण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही. बंद झालेल्या मालिकेमुळे प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा सांभाळणाऱ्या आणि दिवसाच्या मजुरीवर राबणाऱ्या लोकांचे काम आधीच गेलेले असते. नवी मालिका हीच त्यांच्यापैकी काहींची पुढची रोजी असते.

प्रश्न : आमच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही मालिका पाहतात. ‘तुला पाहते रे’ मराठीत वर्षाच्या आत संपली, तीच कथा कन्नडमध्ये जवळपास चार वर्षे चालली. मराठी प्रेक्षकांवर हा अन्याय नाही का?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : या उदाहरणात मला अन्याय दिसत नाही. ‘तुला पाहते रे’ ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये आपली कथा सांगून थांबली. तिच्यावरून केलेली कन्नड मालिका ‘जोते जोतेयलि’ सप्टेंबर २०१९ पासून मे २०२३ पर्यंत चालली, म्हणजे तेवढ्याच कथाबीजावर कितीतरी अधिक भाग रचावे लागले. आपण दोन्ही पाहिल्या असल्याने कोणती अधिक बांधेसूद होती हे आपणच अधिकाराने सांगू शकाल. ठरलेल्या ठिकाणी संपलेली मालिका आणि मध्येच तोडलेली मालिका यांत प्रेक्षकांनी फरक करावा, एवढीच माझी विनंती आहे. प्रत्येक समाप्तीवर आपण सारखाच संताप व्यक्त केला, तर खानापूरच्या भगिनींसारख्यांची रास्त तक्रार त्या गोंगाटात हरवून जाते आणि लेखकांना कथा वेळेवर संपवण्याचे धैर्यही उरत नाही.

अन्याय आहे तो दुसऱ्या ठिकाणी, आणि आपल्या घरावरून तो फार स्पष्ट दिसतो. समजा आपल्याकडे मीटर आहे. आपण आठ वाजता कन्नड मालिका पाहिली, तर ते पाहणे कर्नाटकाच्या बाजारपेठेत धरले जाईल आणि त्या मालिकेच्या आयुष्याला बळ देईल. त्याच टीव्हीवर, त्याच माणसांनी साडेआठला मराठी मालिका पाहिली, तर ते पाहणे मराठी मालिकेच्या क्रमवारीत येणार नाही. कन्नड प्रेक्षकांविषयी माझी काहीच तक्रार नाही; सोलापूर किंवा जतकडच्या कन्नड भाषकांची स्थिती आपल्यासारखीच आहे. भाषिक वाहिन्यांचे मोजमाप करताना सीमेलगतच्या जिल्ह्यांतील त्या भाषेची घरेही धरावीत, ही मागणी दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना एकत्र करता येईल. उचगाव आणि कडोली येथे दरवर्षी भरणाऱ्या साहित्य संमेलनांत मराठी शाळांविषयी ठराव होतात, तिथे हाही विषय मांडला जावा असे मी सुचवतो.

प्रश्न : आम्हाला आमच्या घरी तो मीटर बसवून मिळेल का? पैसे भरायची तयारी आहे.
(एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : मिळणार नाही, आणि मिळू नये हेच बरे. मीटरची घरे संस्था स्वतः नमुना पद्धतीने निवडते आणि ती गुप्त ठेवते. मागून मीटर मिळू लागला, तर प्रत्येक वाहिनी आपल्याच चाहत्यांच्या घरी तो बसवून घेईल. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटर असलेल्या घरांना ठराविक वाहिनी लावून ठेवण्यासाठी पैसे दिल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आपले पैसे मराठी वाहिनीच्या वर्गणीत घाला, त्याची नोंद निश्चित होते. मीटर बसवून देतो असे सांगून कुणी दारात येऊन पैसे मागितले, तर ते देऊ नका आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.